आधी माझा हात

आप्पा गव्हाणे स्टीलच्या पेल्याला उघड्या बोटांनी हात लावत नसत. पँटच्या उजव्या खिशात चौपदरी घडीचा पांढरा सुती रुमाल असे. समोर पेला आला की रुमाल बाहेर येई, पेल्याभोवती गुंडाळला जाई आणि मग ते पाणी पीत. जेवणाचा डबा तसाच, दाराचा कोयंडा तसाच, एसटीत चढताना धरायचा दांडाही तसाच. भाकरी मात्र ते पाची बोटांनी मोडत, कांदा मुठीनं फोडत. म्हणजे अडचण फक्त धातूची होती. हे मला उशिरा कळलं, आणि कळण्याआधी मी चारचौघांत त्यांचा अपमान केला होता.

त्यांच्या गावात, न्हावऱ्यात, या सवयीची थट्टा जुनी झाली होती. पारावरचा कुणीतरी विचारी, "आप्पा, म्हशीची साखळी बी रुमालानंच सोडतोस काय रं?" आप्पा म्हणत, "म्हशी भावाकडं हायेत. मी फकस्त दूध पितो."

शिरूरच्या बाहेर, महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. तिथं हेलिकॉप्टरच्या इंजिनातले सुटे भाग येत. इंजिनात जिथं इंधन जळतं, तिथं पातळ पत्र्याची, बांगडीसारखी गोल कडी बसवलेली असतात. आतली आग इतकी तापते की नुसता धातू तिच्यापुढं फार दिवस टिकत नाही. म्हणून त्याच्यावर आधी एका धातूच्या भुकटीचा थर आणि त्यावर चिनीमातीसारख्या पांढऱ्या भुकटीचा थर फवारतात. ही भुकटी ज्या झोतातून वितळून बाहेर पडते, त्याच्याकडे काळ्या काचेशिवाय पाहता येत नाही. बूथमध्ये, म्हणजे बंद खोलीत, कानात बोळे घालून, तो झोत सोडणारी गन चालवणं हे आप्पांचं काम. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. पांढरा थर पाहून गावानं ठरवून टाकलं होतं की गव्हाण्यांचा थोरला विमानांना चुना लावतो. आप्पा हेही ऐकून घेत.

मी दौंडची. वडील रेल्वेत फिटर होते. आमच्या क्वार्टरमध्ये पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. युनियनची, मोर्चाची, सभेची. त्यांचे गठ्ठे खाटेखाली असत आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. धातुशास्त्राचा डिप्लोमा करून मी या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले, तेव्हा शिरूरमध्ये एक खोली घेतली. शनिवारी न्हावऱ्यावरून जाणारी एसटी पकडून घरी जायचं, सोमवारी परत. माझं आडनाव ऐकलं की लोक क्षणभर थांबतात आणि मग बोलतात, हे मला शाळेपासून माहीत होतं. आप्पांचं आडनाव ऐकून मीही तशीच थांबले होते. जमीनवाले, सोसायटीत वजन असलेले, भाऊ गावच्या राजकारणात.

पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये मी पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी रुमाल काढला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पेला सोडलाच नाही.

"आप्पा, माझ्या हातचा पेला रुमालाशिवाय धरवत नाही का तुम्हाला?"

टेबलावरचे चमचे थांबले. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादा भाग हातात घेऊन भेग आहे का बघावी तसं.

"तुझ्या हातचा न्हाई पोरी," ते म्हणाले. "कुणाच्याच हातचा न्हाई. घरी बायकूला इचार."

शेजारी ब्लास्टिंगवरचा, म्हणजे भाग खरखरीत करण्याच्या कामावरचा, रामसूरत बसला होता. तो बिहारचा, आणि आप्पांबरोबर आठ वर्षं काम केलेला. तो म्हणाला, "मॅडम, ये आदमी अपनी साइकिल का हैंडल भी रुमाल से पकड़ता है. आप किस किस बात का बुरा मानोगे?"

सगळे हसले. मी हसले नाही. माझा विश्वास बसला नव्हता.

"ज्येवण झालं की बूथवर ये," आप्पा म्हणाले. "आन् हात धुवू नको."

फवारण्याआधी भागावर हवेच्या जोरानं बारीक खड्यांची कच मारून तो खरखरीत करतात, म्हणजे थर घट्ट धरतो. रामसूरतनं एक भंगारातली पट्टी तशी करून दिली. राखाडी, कोरी, काचकागदासारखी. आप्पांनी हातमोजे घालून ती माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "अंगठा दे." मी अंगठा दाबला. काहीच दिसलं नाही. मग त्यांनी तिच्यावर दोन्ही थर फवारले. पट्टी पांढरीशुभ्र झाली, अगदी सारखी, कुठंही डाग नाही. ती त्यांनी चाचणीच्या भट्टीत ठेवली. तापवायची, बाहेर काढून गार करायची, पुन्हा तापवायची. हे चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पट्टीचा सगळा थर जागेवर होता. एका ठिकाणी मात्र तो पापडासारखा सुटून वर आला होता. लांबट गोल. माझ्या अंगठ्याएवढा.

"घाम, भाजीचं त्याल, काय आसंल ते," आप्पा म्हणाले. "तुला दिसलं न्हाई, मला बी दिसलं न्हाई. पर आग सगळं वाचती. आपून जे लिवलं न्हाई ते बी वाचती."

"आग सगळं वाचती" हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी ऐकवत, आणि ग्राहकाकडून तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही. पुढं त्यांनी सांगितलं की धातू दिसला की त्यांची बोटं आता आपोआप मागं येतात, मग तो इंजिनाचा असो की पेल्याचा. रुमाल हा त्यावरचा तोडगा.

मी माफी मागितली. त्यावर ते जे बोलले ते मी त्याच संध्याकाळी खोलीवर लिहून ठेवलं.

"माफी कशाला? तुझा संशय चुकला. पर संशय यायची जागा चुकली न्हाई. आमच्या पडवीत येगळा पेला ठिवल्याला मी माझ्या डोळ्यानं बघितलाय. आज्या वरनं पाणी ओतायचा. मी बारका व्हतो, आसं म्हणून सुटता यील. पर माझ्या बापाच्या टायमाला बी त्यो पेला व्हता, आन् तवा मी बारका नव्हतो."

वरच्या जातीतला माणूस हे न विचारता बोलतो, असं मी पत्रकांतही फारसं वाचलेलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून डबा खाऊ लागले. पेला मी भरायची, ते रुमालात धरायचे.

आप्पा कमी बोलत आणि बारीक बघत. गनच्या आवाजात फरक पडला की भुकटीत दमटपणा आहे हे ते यंत्रावरचा आकडा हलायच्या आधी सांगत. कुणी घाई केली तर म्हणत, "हेलिकॉप्टरला रस्त्याकडंला थांबता येत न्हाई." कुणी फार कौतुक केलं तर म्हणत, "आजून उडालं न्हाई ते." वरचं हेलिकॉप्टर ते कधी मान वर करून पाहत नसत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "बघून काय करू? आता माझ्या हातात हाय का काय?"

आमच्याकडं प्रत्येक फवारणाऱ्याला नंबराचा एक शिक्का असे. भागांबरोबर फिरणाऱ्या कार्डावर तो शिक्का उमटला की त्या कामाची जबाबदारी त्या माणसाची. आप्पांचा शिक्का तीन नंबरचा. पहिले दोन कधीच निवृत्त झाले होते. आपला शिक्का ते जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवत. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि प्रॉडक्शनच्या देशमाने साहेबांनी त्यांना शब्द दिला होता की निवृत्तीनंतर नव्या फवारणाऱ्यांना शिकवायला त्यांनाच ठेवायचं. एवढं मात्र आप्पांना मनापासून हवं होतं. एरवी ते कशाबद्दल दोनदा बोलत नसत. याबद्दल मात्र बोलत. शिकवताना पहिल्या दिवशी काय दाखवायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. पट्टी आणि अंगठा.

मे महिन्यातली गोष्ट. बूथबाहेरचा कूलर तीन दिवस बंद होता. सुती हातमोज्यांचा एकच जोड पाळीला मिळे. दुसरा मागितला की स्टोअरवाला "खाता काय हातमोजे?" असं विचारी. त्या दिवशी ट्रॉलीवर आठ कडी होती, कच मारून तयार. सगळी सारखी, नंबराच्या जागेवर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे नंबर फवाऱ्याखाली झाकले जाऊ नयेत. कच मारली की दोन तासांत फवारायचं असा नियम. आप्पांचे हातमोजे घामानं चिंब झाले होते. ते त्यांनी काढले, आणि नेमकं त्याच वेळी ट्रॉलीचं चाक फरशीच्या फटीत अडकून ट्रॉली कलली. कडेचं एक कडं घसरलं. आप्पांनी ते झेललं. उघड्या हातानं.

खाली पडलं असतं तर वाकलं असतं. त्यांनी ते परत ठेवलं आणि कोरडे हातमोजे आणायला गेले. परत येईपर्यंत रामसूरतनं ट्रॉली सरळ केली होती आणि आठही कडी नीट ओळीत लावली होती. झेललेलं कडं कुठलं, हे आता सांगता येत नव्हतं. आठही परत कच मारायला पाठवायची तर दिवस जाणार होता आणि माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. आप्पांनी ती फवारली. कार्डावर तीन नंबरचा शिक्का मारला.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण त्यांनीच सांगितलं. प्रत्येक खेपेबरोबर एक नमुन्याची पट्टी फवारतात, तिला कुपन म्हणतात. ती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की थर कसा बसला ते कळतं. त्या खेपेची पट्टी पास झाली होती. ती झेललेली नव्हतीच, तिला काय होणार. मी कार्ड पुढं ओढून पेन उघडलं होतं, तेवढ्यात आप्पा आत आले. हात मागं बांधलेले.

"सही करू नको," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं. माझ्या आठवणीत त्यांनी सलग इतकं बोलण्याची ती दुसरी वेळ.

मी दार लोटलं. "आप्पा, कुणी पाहिलंय?"

"मी."

"तसं नाही. दुसरं कुणी?"

"दुसरं कशाला पायजे?"

मी त्यांना म्हणाले, "तुम्ही इथं आलाच नाहीत असं मी धरते. जा तुम्ही." आणि पेन कार्डावर टेकवलं. हे मी केलं. माझ्या डोक्यात तेव्हा जे चाललं होतं ते असं. कूलर बंद कुणी ठेवला? हातमोजे कोण देत नाही? आणि नाव कुणाचं जाणार? तीस वर्षं राबलेल्या कामगाराचं. त्याच्याविरुद्ध कागद लिहायला माझ्या वडिलांनी मला वाढवलं नव्हतं.

आप्पांनी पुढं होऊन कार्ड उचललं. कागद होता, म्हणून उघड्या हातानं.

"दोषाचा फार्म काढ. लिही."

"मी तुमच्याविरुद्ध लिहिणार नाही. हातमोज्यांचं लिहीन. कूलरचं लिहीन."

"त्ये बी लिही. सगळं लिही. पर खाली लिही. आधी माझा हात लिही."

"शिक्का जाईल तुमचा. शिकवायचं पण जाईल."

"जाईल की," ते म्हणाले. "मी काय शिकवनार व्हतो, सांग बरं?"

मी फॉर्म काढला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. पहिली ओळ त्यांच्या हाताची, दुसरी फवारल्याची, तिसरी शिक्क्याची. मग हातमोजे, मग कूलर.

देशमाने साहेब आले ते चिडलेले होते, पण आप्पांवर ओरडायची त्यांना सवय नव्हती. ते खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, कुपन पास आहे. एका सेकंदाचा हात. आठही पीस चांगलेच असतील."

"सात चांगले हायेत, सायेब," आप्पा म्हणाले. "आठवा कुठला त्ये मला ठाव न्हाई."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. त्यांनी फॉर्मवर सही केली. हातमोज्यांची ओळ वाचताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण खोडली नाही.

आठही कड्यांवरचा थर काढून टाकला. काढताना कुठं काही दिसलं नाही, तसं ते दिसणारही नव्हतं. नेमकं कुठलं कडं झेललं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. नवा थर दुसऱ्या फवारणाऱ्यानं दिला. तीन नंबरचा शिक्का ऑफिसात जमा झाला. चष्म्याची डबी आप्पांनी परत नेली. उरलेले चार महिने ते चिकटपट्टीच्या टेबलावर बसले. जिथं थर नको तिथं पट्टी लावायची, एवढंच. तेही काम ते असं करत की पट्टीच्या कडेला एकही सुरकुती नसे. बूथमध्ये गन सुरू झाली की त्यांची मान आवाजाकडं वळे. दोनदा त्यांनी नव्या माणसाला निरोप पाठवला की भुकटी दमट आहे. दोन्ही वेळा ती होती. शिकवायला साहेबांनी पुण्याहून कुणीतरी आणला.

पुढच्या महिन्यात ग्राहकाचा तपासनीस आला. त्यानं दोषाचे सगळे फॉर्म मागवले आणि हा फॉर्म तळापर्यंत वाचला. त्यानंतर पाळीला हातमोज्यांचे तीन जोड मिळू लागले. बूथबाहेर कंपनीनं एक फलक लावला, की आम्ही कामगारांची काळजी घेतो. रामसूरत त्या फलकाखालीच हातमोजे वाळत घालायचा.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा मी एक पत्रक लिहिलं. उष्णता, कूलर, हातमोजे, आणि एका कामगाराचा काढून घेतलेला शिक्का. चांगलं झालं होतं. धारदार होतं. गेटवर दोनशे प्रती वाटल्या, आणि शनिवारी दौंडला जाताना एक प्रत घेऊन मी न्हावऱ्याला उतरले.

आप्पा कांद्याच्या चाळीपाशी बसले होते. कांदे निवडत होते, हात कोपरापर्यंत मातीचे. मला पाहून त्यांनी पोतं अंथरलं. "बस. दौंडच्या गाडीला टाईम हाय." मी पत्रक दिलं. त्यांनी ते तसंच मातीच्या हातानं धरलं, लांब नेऊन, ओठ हलवत, संपेपर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"झ्याक लिवलंस," ते म्हणाले. "स्टोअरवाला तर हुबेहूब उतरलाय. पर तुझा हात कुठं हाय ह्यात?"

"माझा?"

"त्या दिशी पेन कुणी उघडलं व्हतं?"

मी म्हणाले, "ते माझ्यासाठी नव्हतं, आप्पा. तुमच्यासाठी होतं."

"व्हय, ठाव हाय मला. मी बी कडं वाचवायलाच झेललं व्हतं."

ते पुन्हा कांदे निवडू लागले. नासका एका बाजूला, बरा एका बाजूला. घरातून काकू तांब्या आणि स्टीलचा पेला घेऊन आल्या. आप्पांनी पेला घेतला, पाणी ओतलं आणि माझ्यापुढं धरला. पाची बोटांनी. पेल्यावर मातीचे ठसे उमटले.

"रुमाल?" मी विचारलं.

"आता कशाला? आता ह्याच्यावर काय फवारायचं हाय?"

काकू हसल्या. म्हणाल्या, "तीस वर्सांत पयल्यांदा माझ्या हातचा चा बिनरुमालाचा पिल्यात. मला वाटलं बरं नसंल."

मी पाणी प्यायले. गाडी आली तशी पत्रक परत घेऊन मी निघाले.

पत्रक मी पुन्हा लिहिलं. त्याची पहिली ओळ अशी आहे: 'त्या दिवशी सही करायला पेन मी उघडलं होतं.' बाकी सगळं तेच, पण खाली. त्याच्या प्रती पहिल्याइतक्या उचलल्या गेल्या नाहीत. दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ती ओळ नको होती, तिनं पत्रकाची धार गेली.

आप्पांनी वाचलेली पहिली प्रत माझ्याकडं आहे. तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा मातीचा ठसा आहे, लांबट गोल. तो नेमका मजकुराच्या शेवटी, माझ्या नावावर पडला आहे.